दोन गुंठ्यांचा नकाशा

नाशिक आणि नाशिकरोड ही दोन गावं की एकच, हा वाद आमच्या नात्यात प्रत्येक लग्नात निघतो. १९८२ साली महापालिका झाली आणि कागदोपत्री सगळं एक झालं. पण आजही आमच्याकडचा माणूस शालिमारला निघाला की "नाशिकला जाऊन येतो" असंच म्हणतो. स्टेशन आमच्याकडे, प्रेस आमच्याकडे, जेलही आमच्याकडे (याचा अभिमान बाळगायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं). रामकुंड, काळाराम, भद्रकाली तिकडे.

या वादात मला मध्यंतरी एक नवा पुरावा सापडला. २० अंश उत्तर अक्षांशाची रेषा बरोब्बर नाशिकमधून जाते. रामकुंड तिच्या उत्तरेला साधारण एक किलोमीटरवर, आणि आम्ही नाशिकरोडवाले दक्षिणेला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकांच्या नकाशांची पानं याच रेषेवर तुटतात. त्यामुळे रामकुंड ४६ एच/१६ या पानावर आहे, आणि नाशिकरोड स्टेशन ४७ ई/१३ वर. म्हणजे सर्व्हेवाल्यांनी आपल्याला कधीच वेगळं काढून ठेवलंय. घ्या! :)

हा शोध लागला तो दादाच्या प्लॉटमुळे. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. नोकरी संपत आलेली, फंडाचे पैसे हातात येणार, आणि आयुष्यभर उपनगरला दोन खोल्यांत काढल्यावर आता जमिनीला टेकलेलं घर हवं, पुढे चार कुंड्या आणि एक कडीपत्ता हवा, एवढीच इच्छा. जेलरोडच्या पुढे दसकच्या बाजूला दोन गुंठ्यांचा एक प्लॉट त्याला दाखवला गेला. भाव आजूबाजूपेक्षा कमी. दादा खूश. वहिनीने मात्र एकच प्रश्न विचारला, "तिथे पाणी येतं का हो?" आणि तिला नळाचं पाणी म्हणायचं नव्हतं.

दसक-पंचक म्हणजे गोदाकाठ. २००८ च्या सप्टेंबरात, मग २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टात गोदावरीने काय केलं ते नाशिककरांना सांगायला नको. नाशिकमध्ये पूर मोजायची पट्टी म्हणजे दुतोंड्या मारुती. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत... एवढं सांगितलं की सगळ्यांना सगळं कळतं. पण मारुती रामकुंडापाशी आहे. तिथून खाली टाकळीला नासर्डी येऊन मिळते, आणि त्याच्याही खाली दसक. मारुतीच्या गळ्याशी पाणी असताना दसकला ते कुठल्या पायरीवर असतं, हे मारुती सांगू शकत नाही.

यासाठी सरकारी पूररेषा असतात. आपल्याकडे निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येईल अशा पुराची, आणि लाल रेषा १०० वर्षांत एकदा येईल अशा पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्या मधे अटी घालून परवानगी. (१०० वर्षांत एकदा याचा अर्थ एकदा आला की पुढची ९९ वर्षं सुट्टी, असा नाही बरं का! दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा. दोन पावसाळे लागोपाठही येऊ शकतो.)

दादाने कुठून तरी पूररेषेच्या नकाशाची झेरॉक्स मिळवली. झेरॉक्सचीही झेरॉक्स असावी, कारण लाल आणि निळी दोन्ही रेषा काळ्याच होत्या. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "अगं, तू नकाशांचं काम करायचीस ना? मग सांग, माझा प्लॉट आत आहे का बाहेर?"

मी पुण्यात सात वर्षं एका नकाशांच्या कंपनीत होते. परदेशातल्या गावांची गटारं आणि विजेचे खांब यांचे नकाशे केले. कुठल्या देशात कुठल्या गल्लीत किती खांब हे सांगू शकले असते, पण स्वतःच्या गावाचा एकही नकाशा कधी केला नव्हता. म्हटलं, करूया. आणि नुसता दादापुरता नको, सगळ्या घराला आपापल्या मोबाइलवर उघडता येईल असा करूया.

माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली काढला, लिनक्स घातलं. मग तीन गोष्टी बसवल्या. पहिली पोस्टजीआयएस. हे नकाशांचं कोठार. साध्या डेटाबेसला नाव आणि पत्ता कळतो, याला आकारही कळतो. "या प्लॉटपासून त्या रेषेचं अंतर किती" असं त्याला थेट विचारता येतं. कॅनडातल्या व्हिक्टोरिया गावच्या लोकांनी २००१ साली हे सुरू केलं. दुसरा जिओसर्व्हर, म्हणजे वाढपी. कोठारातलं सामान मागेल त्याला मागेल तसं देणारा. आणि तिसरं लीफलेट, म्हणजे पान मांडलेलं ताट, जे आपल्याला ब्राउझरमध्ये दिसतं. ते २०११ साली कीव शहरातल्या एका प्रोग्रॅमरने लिहिलं. ही तिन्ही खुली, फुकट. दादाला विश्वास बसेना. "फुकट म्हणजे नंतर पैसे मागतील" म्हणाला.

आता या मंडळींचं एकमेकांशी बोलणं कसं होतं, ते सांगते. आपल्या खानावळीसारखंच आहे. एक पद्धत आहे डब्ल्यूएमएस, २००० सालापासूनची. हे तयार ताट. तुम्ही सांगायचं, या चौकोनातला अमुक थर मला इतक्या आकारात पाहिजे. समोरचा सर्व्हर त्याच्याकडच्या माहितीवरून चित्र काढून पाठवतो. दुसरी पद्धत डब्ल्यूएफएस. हा शिधा. चित्र न देता रेषेचे मूळ बिंदू तुमच्या ओंजळीत घालतो, मग तुम्ही काय हवं ते शिजवा. दोन्हीकडे आधी मेनूकार्ड मागता येतं, म्हणजे तुमच्याकडे कुठले थर आहेत, कुठल्या भागाचे, कुठल्या मोजणीत.

यातली मला आवडणारी गोष्ट अशी, की ज्याचा थर त्याच्याकडेच राहतो. इस्रोच्या भुवनवरचा जमीन-वापराचा थर मी माझ्या नकाशात लावला, तेव्हा तो माझ्या डेस्कटॉपवर आला नाही. दादाने नकाशा सरकवला की प्रत्येक वेळी भुवनला नव्याने निरोप जातो आणि तिथून उत्तर येतं. त्यांनी उद्या काही दुरुस्त केलं, तर दादाला दुरुस्त केलेलंच दिसेल. झेरॉक्सची झेरॉक्स होत नाही. खालचा रस्त्यांचा थर ओपनस्ट्रीटमॅपचा, जगभरच्या हौशी लोकांनी भरलेला. दसकच्या काही गल्ल्या त्यात नव्हत्या, त्या एका रविवारी पायी फिरून मी भरल्या.

पृथ्वी गोल आहे आणि पडदा सपाट, त्यामुळे काही गमती होतात. अक्षांश आधी की रेखांश आधी, यावर डब्ल्यूएमएसच्या दोन आवृत्त्यांचं एकमत नाही. १.१.१ मध्ये रेखांश आधी, १.३.० मध्ये नेहमीच्या अंशांच्या पद्धतीत अक्षांश आधी. क्रम उलटा पडला तर नाशिकरोड थेट नॉर्वेच्या वर बॅरेंट्स समुद्रात, बेअर आयलंड नावाच्या बेटाच्या जवळपास जाऊन पडतं. तिथे पूररेषेची चिंता नाही, सगळंच पाणी.

दुसरी गंमत जास्त कामाची. वेबवरचे बहुतेक नकाशे ज्या पद्धतीने सपाट केलेले असतात, तिच्यात विषुववृत्तापासून लांब जावं तसं सगळं फुगतं. आपल्या २० अंशांवर लांबी सहा टक्क्यांनी आणि क्षेत्रफळ तेरा टक्क्यांनी. म्हणजे त्या सपाट आकड्यांवर सरळ मोजलं तर दोन गुंठ्यांचा प्लॉट सव्वादोन गुंठे भरतो! (जमीन दाखवणाऱ्यांपर्यंत ही बातमी न पोहोचो.) म्हणून मोजायचं असेल तेव्हा कोठारात आपल्या पट्ट्याची वेगळी मोजणी वापरायची. ७२ ते ७८ अंश रेखांशांमधला पट्टा, क्रमांक ४३. त्यात दोन गुंठे दोनच राहतात.

मग मुख्य काम. झेरॉक्सचा फोटो घेऊन तो खऱ्या जमिनीवर बसवणं. कागदावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखू येतील अशा जागा शोधायच्या. पुलाची दोन टोकं, देवळाचा कोपरा, चार रस्ते मिळतात तो चौक. अशा नऊ जागा जुळवल्या. कागद जरासा ताणला, जरासा वळवला, आणि बसला. त्यावरून दोन्ही रेषा गिरवल्या, प्लॉटचे चार कोपरे भरले, आणि दादाला दुवा पाठवला.

दहा मिनिटांत फोन. "अगं, बाहेर आहे! लाल रेषेच्या बाहेर! मोठं करून मोजलं मी, बारा फूट बाहेर!" मागून वहिनीचा आवाज, "नीट बघ म्हणावं तिला."

मंडळी, वेबच्या नकाशाचा हाच धोका आहे. कागद डोळ्याजवळ नेला तर रेषा जाड दिसते, धूसर दिसते, आपल्याला आपोआप कळतं की इथून पुढे बघण्यात अर्थ नाही. पडद्यावर कितीही मोठं करा, रेषा तितकीच बारीक, तितकीच धारदार. मला माहीत होतं की झेरॉक्सच्या कोपऱ्यात १:१०,००० असं प्रमाण आहे, आणि रेषेची जाडी अर्धा मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरचे जमिनीवर पाच मीटर होतात, म्हणजे सोळा फूट. दादा ज्या बारा फुटांवर घर बांधायला निघाला होता, ते बारा फूट रेषेच्या शाईपेक्षा कमी होते. शिवाय कागद बसवताना झालेला फरक वेगळा. शिवाय प्लॉटचे कोपरे मोबाइलच्या जीपीएसने घेतलेले, मोकळ्या आभाळाखालीही त्यात पाच मीटर इकडेतिकडे होतात. दोन गुंठे म्हणजे दहा मीटर बाय वीस. तुम्हीच हिशेब करा.

मी दादाला हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मग तू नकाशा केलास कशाला?"

लागलं मला ते. पण प्रश्न बरोबर होता.

मी उंचीचा थर लावून पाहिला. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवस फिरून जवळजवळ सगळ्या जगाची उंची मोजली, ती माहिती सगळ्यांना खुली आहे. पण तिचा एक ठिपका तीस मीटर बाय तीस मीटरचा. म्हणजे नऊ गुंठे! दादाचा प्लॉट एका ठिपक्यात चार वेळा मावतो. आणि उंचीतली चूक काही मीटरांची असू शकते. घरात पाणी शिरतं की नाही हे ठरतं फूट-दीड फुटाने. हा थर डोंगर बघायला उत्तम, उंबरठा बघायला निरुपयोगी. रंगवल्यावर दिसत मात्र असा झकास होता, की कुणाचाही विश्वास बसावा. तो मी काढून टाकला.

मग उरला एकच थर. तो कुठल्याच सर्व्हरवर नव्हता, माणसांत होता.

दोन-तीन संध्याकाळी वहिनी आणि मी दसकला गेलो. एका घराच्या ओट्यावर एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. विचारल्यावर उठल्या, काठी टेकत गल्लीच्या तोंडाशी आल्या आणि एका पायरीवर काठी आपटून म्हणाल्या, "हितवर आलं व्हतं बाई. ही पायरी बुडाली, वरची न्हाई बुडाली." कुठल्या साली, आजी? "नोटा बंद झाल्या ना, त्याच साली." म्हणजे २०१६. साल लक्षात ठेवायची ही आजींची पद्धत मला पुढच्या सगळ्या कामात उपयोगी पडली. कुणी नातवाच्या बारशावरून सांगितलं, कुणी सिंहस्थावरून. किराणा दुकानदाराने त्या वर्षीची खूण भिंतीवर दाखवली, ती आजींच्या पायरीशी जुळली. तिसऱ्या एका काकांनी मात्र पाणी त्याच्याही पुष्कळ अलीकडे थांबलं होतं असं ठामपणे सांगितलं. त्यांचा तिथे विकायला प्लॉट आहे, असं नंतर कळलं.

मी काकांचाही ठिपका भरला. खोडला नाही. फक्त प्रत्येक ठिपक्याला चार रकाने जोडले. कुठलं साल, पाणी कुठवर, कोणी सांगितलं (नाव नाही, नुसतं 'ओट्यावरच्या आजी', 'दुकानदार' असं), आणि स्वतः पाहिलं की ऐकलेलं. ठिपक्यावर बोट ठेवलं की चारही दिसतात. आणि हे जमल्यावर मला वाटलं, हेच बाकीच्या थरांना का नसावं? मग सगळ्या थरांना लावलं. लाल रेषेवर बोट ठेवा, येतं: "झेरॉक्सवरून गिरवलेली, प्रमाण १:१०,०००, जमिनीवर निदान पाच मीटरची जाडी." रेषाही तेवढीच जाड काढली, पाच मीटरचा पट्टा, कितीही मोठं केलं तरी पट्टाच. जिओसर्व्हरमध्ये तशी सोय असते. नकाशा एकदम ओबडधोबड दिसायला लागला. पण खरा दिसायला लागला.

त्या नव्या नकाशात दादाच्या प्लॉटचा एक कोपरा पट्ट्याला टेकला होता. आजींची पायरी प्लॉटपासून नदीच्या बाजूला वीसेक मीटरवर होती, आणि २०१६ चा पूर काही शंभर वर्षांतला नव्हे. दादाच्या "मग नकाशा केलास कशाला"ला माझ्याकडे आता उत्तर होतं. आत की बाहेर हे हा नकाशा सांगत नाही. पण ते सांगायला कोणाकडे जायचं आणि काय मागायचं हे सांगतो. भूमी अभिलेखची मोजणी करून क प्रत घ्यायची, आणि ती जोडून पूररेषेबद्दल लेखी मागायचं. झेरॉक्स नको, आणि माझा दुवाही नको. तोवर इसार द्यायचा नाही.

दादाने ऐकलं. मोजणीचा अर्ज केला. पण जमीन दाखवणाऱ्याला धीर नव्हता, आणि मोजणीला वेळ लागतो. पंधरा दिवसांत तो प्लॉट दुसऱ्या कुणीतरी घेतला. ज्याने घेतला त्याने काय विचारलं, काय पाहिलं, मला माहीत नाही.

दादा माझ्यावर रागावला नाही, पण महिनाभर फोनही केला नाही. हे वाचतोयस ना दादा? मला खूप वाईट वाटलं होतं रे. तुझ्या कडीपत्त्याची जागा मी घालवली असं मनात येऊन गेलं. वहिनी मात्र दर पावसाळ्यात गंगापूरचं पाणी सोडल्याची बातमी आली की मला फोन करते आणि काहीच बोलत नाही, नुसतं "जेवलीस का?" विचारते. दादा आता सिन्नर फाट्याकडे बघतोय. तिथल्या प्लॉटचे चार कोपरे परवा स्वतःच घेऊन आला, आणि मी विचारायच्या आत म्हणाला, "पाच मीटर इकडेतिकडे आहेत, लिहून ठेव."

नकाशा अजून चालू आहे. डेस्कटॉप कपाटावर घरघरतो, वीज गेली की बंद पडतो, आली की मी सुरू करते. आत्ता त्यात एकतीस ठिपके आहेत, बहुतेक दसक-पंचकचे आणि थोडे टाकळीचे. चेहेडी आणि विहितगावचा एकही नाही, म्हणजे दारणा आणि वालदेवीचा भाग पूर्ण रिकामा. आपल्यापैकी निदान चार घरं तिकडे राहतात, मला माहिती आहे! १९६९ चा पूर पाहिलेलं कुणी घरात असेल तर त्यांना आधी विचारा. साल आठवत नसेल तर त्या वर्षी कुणाचं लग्न झालं, कोण जन्मलं ते विचारा, साल मी काढते. पाणी कुठवर आलं, स्वतः पाहिलं की ऐकलं, एवढं कळवा. फोटो असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तरी चालेल.

असो. बराच लांबला लेख. पावसाळ्याच्या आत पन्नास ठिपके करायचेत.